ओझोन आणि हायड्रॉक्सिल: हवा नेमकी कोण स्वच्छ करते?

बेळगावजवळच्या जांबोटी-चोर्ला या जंगलपट्ट्यातील हवा ‘ओझोनयुक्त, म्हणून शुद्ध’ असे कौतुकाने सांगितले जाते आणि शिकलीसवरलेली माणसेही त्यावर माना डोलावतात. वरचा ओझोन अतिनील किरण अडवतो आणि जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना अपाय करतो, हे शाळेतच शिकवलेले असल्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. खरा घोळ निराळाच आहे: हवेतील प्रदूषके नष्ट करण्याचे जे श्रेय ओझोनच्या पदरात टाकले जाते, ते मुख्यतः हायड्रॉक्सिल मूलकाचे, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूने बनलेल्या अत्यंत क्रियाशील कणाचे आहे.

ओझोन ऑक्सिडीकारक, म्हणजे इतर पदार्थांचे ज्वलनासारखे रासायनिक रूपांतर घडवणारा आहे खरा, पण निवडक. नायट्रिक ऑक्साइडशी, तसेच खानापूरच्या जंगलातील झाडे सोडतात त्या आयसोप्रीनसारख्या दुहेरी बंधाच्या संयुगांशी त्याची अभिक्रिया होते. कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन यांना मात्र तो जवळजवळ शिवतही नाही. हायड्रॉक्सिल या दोघांनाही सोडत नाही. ऊस तुटून गेल्यावर रानात पाचट पेटवतात, त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड साधारण दोनएक महिन्यांत आणि मिथेन नऊ-दहा वर्षांत हवेतून नाहीसा होतो, तो प्रामुख्याने याच मूलकामुळे.

घोळ होतो, कारण हायड्रॉक्सिलचा जन्म ओझोनपासूनच होतो. सुमारे ३२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या प्रकाशाने ओझोनचा रेणू फुटला की ऑक्सिजनचा उत्तेजित अणू सुटतो. असे बहुतेक अणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंवर आदळून शांत होतात, पण जे थोडे पाण्याच्या वाफेला गाठतात, ते प्रत्येकी दोन हायड्रॉक्सिल मूलके देतात. खालच्या वातावरणातील हा मार्ग अमेरिकन वातावरणशास्त्रज्ञ हिराम लेव्ही यांनी १९७१ मध्ये मांडला. म्हणजे ओझोनबरोबर कडक ऊन आणि वाफही हवी. बेळगावात मेच्या सुरुवातीला सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो आणि हवेत ओलावाही वाढू लागतो. जानेवारीच्या कलत्या उन्हात आणि कोरड्या हवेत तेवढ्याच ओझोनपासून मूलके कमी निघतात. रानात ऊस किती उभा आहे, यावरून गुऱ्हाळात गूळ किती निघाला हे कळत नाही, तसेच हे आहे.

शिवाय ओझोन कित्येक दिवस टिकतो, तर हायड्रॉक्सिल जेमतेम सेकंदभर, त्यामुळे त्याचा साठा होतच नाही. ओझोनचा आकडा साठा सांगतो; ऑक्सिडीकरणाची क्षमता मूलके किती वेगाने तयार होतात आणि किती वेगाने खर्ची पडतात यावर ठरते. निपाणीजवळच्या तवंदी घाटात ट्रकांची रांग लागली की त्यांच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो आणि त्यातून बनलेला नायट्रोजन डायऑक्साइड हायड्रॉक्सिललाही नायट्रिक आम्लात अडकवतो. तेथे ओझोनचा आकडा खाली आला म्हणून हवा स्वच्छ झाली, असे म्हणणे निव्वळ अडाणीपणाचे आहे.

घरात ओझोन सोडणारी ‘हवा शुद्धीकरण’ यंत्रे मला म्हणूनच मुळीच पसंत नाहीत. खिडकीची साधी काच ३२० नॅनोमीटरखालचा बहुतेक प्रकाश अडवते, त्यामुळे बंद खोलीत सूर्यप्रकाशाने हायड्रॉक्सिल तयार होण्याचा मार्ग जवळजवळ बंद असतो आणि श्वासावाटे आत जायला ओझोन तेवढा उरतो.