लिब्रेत्तो

लिब्रेत्तो म्हणजे ऑपेराची शब्दसंहिता : पात्रांच्या तोंडची पदे, संवाद, रंगसूचना, सगळे मिळून. इटालियनमध्ये ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक आणि ‘लिब्रेत्तो’ म्हणजे छोटेखानी पुस्तक. हे नाव आकारावरून पडले. सतराव्या-अठराव्या शतकांत ऑपेरागृहाच्या दाराशी ही खिशात मावणारी पुस्तके विकत मिळत आणि प्रेक्षक ती खेळ चालू असतानाच वाचत. त्या काळी प्रेक्षागृहात अंधार करीत नसत. शिवाय रसिक बारीक मेणबत्त्या घेऊन बसत. जुन्या ग्रंथालयांत जपलेल्या कित्येक प्रतींवर त्या मेणाचे डाग आजही दिसतात.

मराठी वाचकाला यात अनोळखी असे काही नाही. संगीत नाटकाच्या पदांच्या पुस्तिका आपल्याकडेही विकल्या जात. मात्र मालकीचा हिशेब नेमका उलटा आहे. ‘शाकुंतल’ किर्लोस्करांचे, ‘शारदा’ देवलांची, ‘मानापमान’ खाडिलकरांचे, असे आपण बोलतो. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि ‘स्वयंवर’च्या भास्करबुवा बखल्यांच्या, हे जाणकारच आवर्जून सांगतात. ऑपेराच्या जगात ‘रिगोलेत्तो’ व्हेर्दीचा आणि ‘फिगारो’ मोत्सार्टचा. ते शब्द कोणी लिहिले, हे विचारले तर नेहमी ऑपेराला जाणाराही घुटमळतो. दुसरा फरक कामाच्या क्रमाचा. आपल्याकडे चाल बहुधा आधी ठरलेली असे; नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ म्हणून मूळ गाण्याची ओळ दिलेली असते आणि नाटककार त्या मापात शब्द बसवी. ऑपेरात सहसा शब्द आधी येतात आणि संगीतकार त्यांना स्वर देतो. म्हणजे शब्द आधी लिहूनही लेखक मागेच राहतो. चारशे वर्षांत या धंद्यात जे काही घडले, त्याच्या मुळाशी हे दुखणे आहे.

पहिला लिब्रेत्तोकार म्हणून ओत्ताव्यो रिनुच्चीनी या फ्लॉरेन्सच्या कवीचे नाव घेतले जाते. त्याच्या ‘दाफ्ने’ला याकोपो पेरीने संगीत दिले आणि तो खेळ १५९८ च्या सुमारास झाला. गंमत अशी, की या पहिल्या ऑपेराचे संगीत जवळजवळ सगळे हरवले आणि शब्द तेवढे शिल्लक राहिले. मांतोव्हा येथे १६०७ मध्ये झालेल्या मोंतेव्हेर्दीच्या ‘ओर्फेओ’ची गत आणखी विचित्र. त्या वर्षी छापलेल्या अलेस्सांद्रो स्त्रीज्जोच्या लिब्रेत्तोत शेवटी मद्याने धुंद झालेल्या बाया ओर्फेओवर चालून येतात. १६०९ मध्ये छापलेल्या स्वरलिपीत मात्र अपोलो येऊन त्याला स्वर्गात नेतो. एकाच ऑपेराचे दोन शेवट, एक शब्दांच्या वहीत आणि एक स्वरांच्या. १६३७ मध्ये व्हेनिसला सान कास्स्यानो हे तिकीट काढून कोणालाही जाता येईल असे ऑपेरागृह उघडले आणि हा राजवाड्यातला शौक बाजारात आला. तिथून लिब्रेत्तो हा रीतसर धंदा झाला.

या धंद्याचे व्याकरण साधे होते. गोष्ट पुढे न्यायची ती रेचितातिव्होत, म्हणजे बोलण्याच्या लयीत गायलेल्या संवादात. आणि मनाची अवस्था उलगडायची ती आरियात, म्हणजे बंदिस्त पदात. अठराव्या शतकातली ठरलेली आरिया तीन भागांची : पहिला भाग, मग वेगळ्या रंगाचा मधला, आणि अंतरा संपवून ध्रुपदावर यावे तसा पुन्हा पहिला, या खेपेला गायकाच्या तानांनी नटलेला. आरिया संपली की गायक टाळ्या घेऊन विंगेत जाई. लेखकाला कथानक अशा बेताने जुळवावे लागे, की प्रत्येक बड्या गायकाला ठरलेल्या संख्येने अशा ‘एक्झिट’ मिळतील आणि कोणाचा मान कमी-जास्त होणार नाही. कंपनीतल्या नटांचे रुसवेफुगवे सांभाळीत नाटक लिहिणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या चौकटीचा बादशहा म्हणजे मेतास्तास्यो (१६९८–१७८२). रोममध्ये जन्मलेला हा कवी १७३० पासून व्हिएन्नाच्या दरबारी होता. त्याची भाषा इतकी गोड आणि गाण्याजोगी, की त्याचा एकच लिब्रेत्तो वेगवेगळे संगीतकार पुनःपुन्हा वापरीत. एकट्या ‘आर्तासेर्से’ला ऐंशीहून अधिक जणांनी संगीत दिले. लिब्रेत्तोकार संगीतकारापेक्षा मोठा मानला गेला, असा बहुधा हा एकच काळ. पुढे संगीतकार ग्लक आणि त्याचा लेखक काल्त्साबीजी यांनी ही चौकट मोडली. ‘आल्चेस्ते’च्या १७६९ मधील प्रस्तावनेत संगीताने काव्याची सेवा करावी असे स्पष्ट म्हटले आहे. तत्त्व उत्तम होते, पण पाळले फार कमी जणांनी.

लोरेन्त्सो दा पोन्तेची गोष्ट मात्र स्वतःच एखाद्या ऑपेराला पुरेल. जन्म १७४९ चा, व्हेनिसजवळच्या गावी, ज्यू घरात. पुढे धर्मांतर, पाद्रीपद, भानगडी, व्हेनिसमधून हद्दपारी, आणि मग व्हिएन्नाच्या सम्राटाच्या ऑपेरात नोकरी. तिथे त्याने मोत्सार्टसाठी तीन लिब्रेत्ती लिहिले : ‘फिगारोचे लग्न’ (१७८६), ‘दोन जोव्हान्नी’ (१७८७) आणि ‘कोसी फान तुत्ते’ (१७९०). फिगारोचे मूळ नाटक ब्योमार्शेचे. सरदारांची टिंगल करते म्हणून व्हिएन्नात त्याच्या प्रयोगाला बंदी होती. दा पोन्तेने राजकारणाचे काटे काढले आणि माणसे ठेवली. या ऑपेराच्या दुसऱ्या अंकाचा शेवट पाहावा. संशयाने पेटलेला काउंट आणि त्याची बायको, असे दोघेच सुरुवातीला आहेत. बंद खोलीतून दासी सुझान्ना बाहेर येते आणि काउंट चपापतो. मग फिगारो येतो. मग तुटकी कुंडी हातात घेऊन, पिऊन तर्र झालेला माळी. मग दावा सांगणारी तीन माणसे. वीसेक मिनिटे संगीत एकदाही थांबत नाही, कोणी विंगेत जाऊन टाळ्या घेत नाही, आणि पडदा पडताना सात जण एकाच वेळी सात तऱ्हांनी गोंधळलेले असतात. हे सगळे लेखकाने आधी कागदावर रचलेले आहे. मोत्सार्टने ते हलते केले. दा पोन्ते पुढे लंडनमध्ये दिवाळखोर झाला, १८०५ मध्ये अमेरिकेला गेला, तिथे त्याने किराणा दुकान चालवले आणि १८२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात इटालियनचा प्राध्यापक झाला. १८२६ मध्ये त्या शहरात ‘दोन जोव्हान्नी’चा खेळ झाला तो त्याच्या डोळ्यांदेखत.

जर्मन भाषेतल्या ‘जादूच्या बासरी’ची (१७९१) तऱ्हा निराळी. तिच्यात गाण्यांच्या मधे बोललेले गद्य संवाद आहेत, म्हणजे आपल्या संगीत नाटकाच्या जवळचे रूप. लेखक शिकानेडर हाच कंपनीचा चालक आणि पापागेनोच्या विनोदी भूमिकेतला नटही.

लिब्रेत्तो वाचायला घेतला तर बऱ्याचदा निराशा होते. भाषा बेतास बात, यमके ठोकळेबाज. पण ही संहिता वाचण्यासाठी नसते आणि तिची परीक्षा रंगमंचावरच करावी लागते. ‘रिगोलेत्तो’चा (व्हेनिस, ११ मार्च १८५१) लेखक फ्रांचेस्को मारिया पियावे हा व्हेर्दीचा आज्ञाधारक सहकारी; व्हेर्दी त्याला पत्रांतून सारखा दामटीत असे : थोडक्यात लिही, आणखी थोडक्यात लिही. कथा व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकाची. ते पॅरिसमध्ये १८३२ साली एका प्रयोगानंतर बंद पाडले गेले होते. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाचा अंमल होता. सेन्सॉरने लिब्रेत्तो नाकारला. विलासी राजा रंगमंचावर नको, कुबडा विदूषक नको, प्रेत भरलेले पोते तर नकोच. अखेर फ्रान्सच्या राजाचा मांतोव्हाचा ड्यूक झाला, ‘शाप’ हे आधीचे नाव गेले. कुबड आणि पोते मात्र व्हेर्दीने सोडले नाही.

या ऑपेराच्या तिसऱ्या अंकातले चौघांचे पद छापील पुस्तकात अगदी सपक दिसते : ड्यूकच्या चार ओळी, मारेकऱ्याची बहीण मद्दालेना हिच्या चार, ड्यूकवर जीव जडलेल्या जिल्दाच्या चार, आणि तिचा बाप, कुबडा विदूषक रिगोलेत्तो, याच्या चार. रंगमंचावर नदीकाठची पडकी खानावळ उभी असते. आत ड्यूक मद्दालेनाला लाडीगोडी लावतो आहे, लांबलचक, मधाळ सुरांत. ती तुटक स्वरांत खिदळते आहे. बाहेर भिंतीच्या फटीतून जिल्दा हे पाहते, तिचे सूर हुंदक्यासारखे मोडतात. तिच्या शेजारी रिगोलेत्तो खालच्या पट्टीत सूडाचे पुटपुटतो आहे. चौघे एकदम गातात आणि चौघांचेही मन एकाच वेळी आपल्याला कळते. गद्य नाटकात चार माणसे एकदम बोलली तर नुसता गलका होईल. आपल्या संगीत नाटकातही पद सुरू झाले की बहुधा कथा जागच्या जागी थांबते, आणि वन्स मोअर मिळाला तर ती आणखी थांबते.

याच अंकाचा शेवट त्याहून धारदार आहे. मारेकऱ्याला पैसे मोजून ड्यूकचे प्रेत म्हणून घेतलेले पोते रिगोलेत्तो नदीकडे ओढत नेतो. तेवढ्यात लांबून गाणे ऐकू येते : स्त्री चंचल, वाऱ्यावरच्या पिसासारखी. ड्यूकचे तेच उडते, उथळ पद, जे याच अंकात आपण ऐकलेले असते. गाणारा जिवंत आहे. मग पोत्यात कोण? संवादाची गरजच उरत नाही. तो पोते फाडतो आणि आत जिल्दा असते. प्रसंग एका क्षणात उघडा करणाऱ्या शब्दाला व्हेर्दी पुढे ‘पारोला शेनिका’, म्हणजे रंगमंचीय शब्द, म्हणू लागला. ‘आयदा’च्या (कैरो, १८७१) वेळच्या त्याच्या पत्रांत हे बोल येतात.

वाग्नरने लेखकाची अडचणच मिटवली : स्वतःच लिहिले. ‘रिंग’ चतुष्टयाचे शब्द त्याने उलट्या क्रमाने, शेवटच्या नाटकापासून मागे मागे जात रचले. चारही खेळ एकत्र झाले ते १८७६ मध्ये बायरॉइटला. तिथे त्याने प्रेक्षागृहात अंधार करवला, आणि मांडीवरच्या पुस्तिकेचे दिवस भरत आले. व्हेर्दीला मात्र उतारवयात आर्रीगो बोइतो भेटला, जो स्वतः संगीतकार होता. ‘ओतेल्लो’साठी (१८८७) त्याने शेक्सपिअरचा व्हेनिसमधला पहिला अंक अख्खाच गाळला आणि वादळात हेलकावणाऱ्या जहाजापासून सुरुवात केली. नाटकाचे ऑपेरा करताना काय टाकावे, याचा इतका चोख नमुना क्वचितच सापडेल.

शब्द मोठा की सूर, हा वाद ऑपेराने स्वतःवरच खेळवून पाहिला आहे. सालिएरीने १७८६ मध्ये ‘आधी संगीत, मग शब्द’ नावाचे एकांकी प्रहसन केले. रिखार्ड ष्ट्राउसच्या शेवटच्या ‘काप्रिच्चो’त (१९४२) एक कवी आणि एक संगीतकार एकाच काउंटेसच्या मागे असतात; पडदा पडतो तरी तिचा निवाडा होत नाही. ष्ट्राउसला हे प्रकरण आतून ठाऊक होते : होफमान्स्टालसारख्या पहिल्या प्रतीच्या कवीबरोबर त्याने वीसेक वर्षे काम केले होते, बरेचसे पत्रांतूनच.

विसाव्या शतकात पद्याचा आग्रह सुटला. देब्युसीने मेटरलिंकचे ‘पेलेआस’ (१९०२) थोडी काटछाट करून जवळजवळ जसेच्या तसे घेतले. यानाचेक बाजारात, स्टेशनवर माणसांच्या बोलण्यातले चढउतार वहीत स्वरांत टिपून ठेवी. त्याची ‘येनूफा’ (१९०४) गद्यावर उभी आहे. पुढे जॉन ॲडम्सच्या ‘डॉक्टर ॲटॉमिक’साठी (२००५) पीटर सेलर्सने नवे काही लिहिण्याऐवजी अणुबॉम्बविषयीचे सरकारी कागद, कविता आणि गीतेच्या विश्वरूपदर्शनाचा अनुवाद एकत्र शिवला.

पुस्तिकेची जागा आता रंगमंचावर वर दिसणाऱ्या अनुवादाच्या ओळींनी घेतली आहे. १९८३ मध्ये टोरांटोत ‘एलेक्ट्रा’च्या वेळी ही सोय प्रथम झाली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटनने १९९५ मध्ये ती पुढच्या खुर्चीच्या पाठीवर आणली. जुन्या शिष्टांनी नाके मुरडली, पण विनोदाला हशा वेळेवर येऊ लागला, हे खरे. कधीकधी गायकाच्या आधीच येतो, ही त्यातली खोट.

फिलिप ग्लासच्या ‘सत्याग्रह’मध्ये (रॉटरडॅम, १९८०) मात्र हा सगळा प्रश्न उलटा फिरतो. गांधींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षे हा विषय. लिब्रेत्तो कॉन्स्टन्स डीजाँगने केलेला, पण त्यातला प्रत्येक शब्द भगवद्गीतेतला, आणि तोही संस्कृतातच गायचा. रंगमंचावर जे घडते त्याचे वर्णन शब्द करीत नाहीत. युरोप-अमेरिकेतल्या प्रेक्षकाला ते कळू नयेत, त्याने सूर आणि दृश्य यांवर राहावे, अशीच संगीतकाराची इच्छा. ओळी झळकवायलाही त्याची नाराजी. शाळेत गीतेचे अध्याय घोकलेला मराठी माणूस त्या प्रेक्षागृहात भलताच ठरतो. शेवटच्या प्रसंगात गांधी एकटे उरतात, आवाज साध्या सप्तकाच्या पायऱ्या चढतो, थांबतो, पुन्हा पहिल्या पायरीवरून चढतो, तीस वेळा. इतरांच्या कानी केवळ स्वर पडत असताना त्याला चौथ्या अध्यायातले शब्द ओळखू येतात : बहूनि मे व्यतीतानि जन्मानि तव चार्जुन.