बांधकाम साहित्य व अवजड यंत्रांची रस्ता वाहतूक (महाराष्ट्र)

खाण, क्रशर, कारखाना किंवा बंदर येथून वाळू, खडी, मुरूम, सिमेंट, सळ्या, तयार काँक्रीट, तसेच पोकलेन, रोलर, क्रेन यांसारखी यंत्रे रस्त्याने कामाच्या जागेवर, म्हणजे साइटवर, पोचवण्याचा व्यवसाय. यातला बराचसा माल जड असूनही स्वस्त असतो. खडी लांबून आणली तर भाडेच तिच्या किमतीच्या वर जाते. म्हणून खडी आणि मुरूम जवळच्या खाणीतून घेतात, आणि मोठ्या प्रकल्पाचे क्रशर व काँक्रीटचे प्लांट कामाशेजारीच उभे राहतात. सिमेंट आणि सळ्यांना मात्र लांबचा प्रवास परवडतो. चंद्रपूर जिल्ह्यातील आवारपूर, गडचांदूर परिसर सिमेंटसाठी, तर जालना सळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. कोकणात जांभ्याचे चिरे खाणीवरून थेट घराच्या पायाशी ट्रकने उतरतात.

ब्रास आणि टन : महाराष्ट्रात वाळू, खडी, मुरूम यांचा व्यवहार ब्रासवर चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. कायदा मात्र टन मोजतो, आणि ओव्हरलोडचे मूळ बरेचसे या दोन मापांच्या तफावतीत आहे. एक ब्रास खडी साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरते. ओली वाळू त्याहून जड. दहाचाकी डंपरला (बोलीत ‘हायवा’) मालासकट २८.५ टनांची मर्यादा आहे. रिकामी गाडी अकरा टनांच्या आसपास धरली, तर मालासाठी सतरा-साडेसतरा टन उरतात, म्हणजे जेमतेम चार ब्रास. पण १६ घनमीटरचा हौदा काठोकाठ भरला, तर त्यात साडेपाच ब्रासपेक्षा जास्त माल बसतो. गिऱ्हाईक ब्रासचे पैसे मोजते, मालक खेपेचा हिशेब करतो, आणि मोकळा राहिलेला हौदा दोघांनाही नुकसान वाटतो.

ही २८.५ टनांची मर्यादा २०१८मध्ये आली. त्याआधी ती २५ टन होती. त्याच वेळी सर्वांत मोठ्या गाड्यांची मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर नेली गेली. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा केला. जादा माल उतरवून घेतल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही, असेही कायदा सांगतो. ही तरतूद दंडापेक्षा जास्त परिणामकारक ठरू शकते, कारण दंड भाड्यात मिसळून वसूल करता येतो, रस्त्यावर उतरवलेल्या मालाचे नुकसान तसे वसूल करता येत नाही.

रस्त्याची झीज : एक्सलवरचा (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या आसावरचा) भार वाढतो त्या प्रमाणात रस्ता खराब होत नाही, त्याहून कितीतरी जास्त होतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या चाचण्यांवरून बसवलेला ठोकताळा असा, की नुकसान भाराच्या चौथ्या घातानुसार वाढते. चार टायरच्या एका एक्सलला ११.५ टनांची मुभा आहे. त्यावर १६ टन आले, तर नुकसान जवळजवळ पावणेचारपट होते. महामार्ग हा भार धरून बांधलेला असतो. खाणीपासून महामार्गापर्यंतचा गावरस्ता बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि एसटीपुरता केलेला असतो. प्रकल्पाच्या खर्चात खडीचा भाव असतो, भाडे असते, डिझेल असते. उखडलेल्या गावरस्त्याची किंमत क्वचितच असते. ती गाव भरते, आणि हा अन्याय आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचे काम चालू असताना मार्गालगतच्या गावांतून अशा तक्रारी येत राहिल्या. काही ठिकाणी भरावासाठी मुरूम काढताना शेततळी खोदली गेली, आणि त्या शेतकऱ्यांना निदान पाण्याची सोय तरी लाभली.

परवाने : गौण खनिजाच्या (वाळू, खडी, मुरूम यांसारख्या मालाच्या) गाडीसोबत रॉयल्टी भरल्याची वाहतूक पावती लागते, ती आता शासनाच्या ‘महाखनिज’ प्रणालीतून निघते. पावती नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि गाडी जप्त होऊ शकते. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. त्यानंतर नदीतली वाळू दुर्मीळ होत गेली आणि क्रशरवर दगड फोडून केलेली क्रश सँड वाढली. गाड्यांची वर्दळ त्यामुळे नदीकाठाकडून डोंगराकडे सरकली.

तयार काँक्रीट : येथे घड्याळ महत्त्वाचे. भारतीय मानकानुसार ट्रान्झिट मिक्सरमधले (फिरत्या ड्रमच्या गाडीतले) काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत रिकामे व्हावे लागते. मुंबई-पुण्यात अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, त्यामुळे मोठे स्लॅब बहुधा रात्री ओतले जातात. मिक्सर कोंडीत अडकला म्हणून त्यात वरून पाणी ओतणे हा सर्वांत घातक उपाय. काँक्रीट ओतता येते, पण त्याची ताकद जाते.

यंत्रे : टायरचा जेसीबी स्वतःच्या चाकांवर साइट गाठतो. चेनचा पोकलेन डांबर फोडतो आणि रस्त्यावर फार सावकाश चालतो, म्हणून त्याला लोबेड (कमी उंचीच्या तळाचा) ट्रेलर लागतो. रॅम्पवरून यंत्र चढवणे हे अनुभवी ऑपरेटरचे काम. मग बूम (यंत्राचा लांब हात) दुमडून टेकवतात आणि साखळ्यांनी आवळतात. गाडीची कायदेशीर रुंदी २.६ मीटर असते आणि वीस टनी पोकलेन बहुधा त्याहून रुंद असतो, म्हणून वेगळी परवानगी घ्यावी लागते. निघण्याआधी वाटेतले पूल, रेल्वेखालचे बोगदे आणि विजेच्या तारा पाहून ठेवतात. पावसाळ्यात वरंधासारखे घाट अवजड वाहनांना बंद केले जातात आणि कोकणातल्या कामांना मोठा वळसा पडतो.

चालक : डंपरचालकाला अनेक ठिकाणी खेपेवर पैसे मिळतात. जितक्या खेपा तितकी कमाई, म्हणून वेग वाढतो आणि झोप कमी होते. त्याचे दोन अपघात ठरलेले आहेत: उचललेला हौदा विजेच्या तारेला लागणे, आणि उताराच्या किंवा भुसभुशीत जमिनीवर माल ओतताना गाडी कलंडणे. दोन्ही टाळण्याची जबाबदारी साइटवाल्यांची आहे. सपाट, दाबलेली जागा आणि मागे उभा राहून इशारा देणारा माणूस, एवढी व्यवस्था असली तरी यांतले बरेचसे अपघात टळतात.

काही भार सार्वजनिक रस्त्याला पेलतच नाहीत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ४० मीटरचा सलग गर्डर (पुलाची तुळई) सुमारे ९७० टनांचा असतो. तो मार्गालगतच्या यार्डात ओततात, उचलून आधीच उभ्या झालेल्या पुलावर ठेवतात आणि अनेक चाकांच्या वाहकावरून त्याच पुलावरून पुढच्या खांबापर्यंत नेतात.