रोबोटचा हात टेप खेचून काढत नाही

सांगलीत टेप लायब्ररी, म्हणजे कॉम्प्युटरचा डेटा साठवलेल्या टेप कप्प्यांत ठेवणारं यंत्र, सांभाळणाऱ्या मंडळींत एक समज घट्ट बसलाय: रोबोटचा हात कार्ट्रिज (टेपची डबी) ड्राइव्हमध्ये, म्हणजे टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागात, खुपसतो आणि काम झालं की खेचून काढतो, म्हणून अडकली तर जरा जोर लावावा. विश्रामबागेतल्या एका ऑफिसात या समजापायी तुटलेली टेप मी पाहिली आहे. फार हळहळ वाटली.

खरं तर हात कार्ट्रिज फक्त ड्राइव्हच्या तोंडाशी सरकवतो. पुढे ड्राइव्हची मोटर ती आत घेऊन जागेवर बसवते. एलटीओ या प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये रीळ एकच. टेपच्या टोकाला बारीक पिन असते. ड्राइव्ह ती पिन पकडतो आणि सुईत दोरा ओवावा तशी टेप हेडवरून (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्यावरून) स्वतःच्या रिळापर्यंत नेतो. एलटीओ-8 म्हणजे आठव्या पिढीची टेप 960 मीटर लांब आणि केसाहून कितीतरी पातळ! काढायचा हुकूम दिला की आधी ती सगळी परत गुंडाळावी लागते. त्यात मिनिटभरही जातो, आणि नेमका तिथेच लोकांचा धीर सुटतो. पिन जागेवर पोचल्यावर ड्राइव्हच कार्ट्रिज थोडी बाहेर ढकलतो. मगच हात तिला धरून कप्प्यात नेतो.

बॅकअप सॉफ्टवेअरने कार्ट्रिज अडवून ठेवली असेल तर ड्राइव्हचं बटण दाबूनही ती निघत नाही. आधी तिथून सोडवा. मध्येच वीज गेली तर टेप दोन रिळांवर विभागलेली असू शकते. तेव्हा हात लावू नका. वीज आल्यावर ड्राइव्हला सावरू द्या. तरीही निघाली नाही, तर जाणकार तंत्रज्ञच बोलवा.