तपासनीस उद्यापासून त्याच बँकेत?

'अमेरिकेत बँक तपासणारा अधिकारी आज राजीनामा देतो आणि उद्या त्याच बँकेत रुजू होतो, कायदा आडवा येत नाही,' असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागचा संशय निराधार नाही. पण कायदा आडवा येतो. २००४ साली संमत झालेल्या तरतुदीनुसार, सेवेच्या शेवटच्या बारा महिन्यांत ज्याने किमान दोन महिने एखाद्या बँकेचा ज्येष्ठ तपासनीस म्हणून काम पाहिले, त्याला लेखी सूट मिळाल्याखेरीज वर्षभर त्या बँकेकडून पगार काय, सल्लागाराचे मानधनही घेता येत नाही. कनिष्ठ तपासनीस मात्र या बंधनातून सुटतात, आणि ज्येष्ठालाही दुसऱ्या बँकेची दारे खुलीच राहतात. खरी फट आहे ती इथे. पडताळणीसाठी अमेरिकी कायदेसंहितेच्या १२व्या भागातील कलम १८२०, उपकलम 'के' वाचावे.