घरबागेतील सशांचा उपद्रव

घरबागेतील सशांचा उपद्रव : परसबागेतील पालेभाज्या, रोपे व कोवळी खोडे सशांनी खाल्ल्यामुळे होणारे नुकसान आणि त्याचा बंदोबस्त. पुण्यात हा प्रश्न मुख्यतः टेकड्यांलगतच्या सोसायट्या आणि खडकवासला, मुळशी, सासवड या बाजूंची शेतघरे येथे जाणवतो. जुन्या पेठांत तो जवळजवळ नाही.

या परिसरातील रानससा म्हणजे काळ्या मानेचा भारतीय ससा (लेपस नायग्रिकॉलिस). हे शास्त्रीय नाव फ्रेदेरीक क्यूव्हिए यांनी १८२३ मध्ये दिले. उत्तर भारतातील तांबूस शेपटीचा ससा (रुफिकॉडेटस) काही जुन्या ग्रंथांत स्वतंत्र जाती म्हणून येतो. पुढे त्याला याच जातीची उपजाती मानण्याकडे कल झाला आणि तेच मत आज अधिक ग्राह्य वाटते. दोहोंमधील सीमा परंपरेने गोदावरीच्या आसपास धरतात. ती काटेकोर रेषा न मानता संक्रमणाचा पट्टा मानणे सयुक्तिक ठरेल. पुणे गोदावरीच्या दक्षिणेस असल्याने येथील ससा दक्षिणी उपजातीत मोडतो : मानेमागे काळा डाग, शेपटीची वरची बाजू काळी. पाळीव ससा मात्र युरोपीय बिळकऱ्या सशापासून (ऑरिक्टोलॅगस) आलेला असून या प्रदेशातला मूळचा नाही. बंदोबस्ताच्या दृष्टीने हा फरक कळीचा आहे. रानससा बीळ खणत नाही, गवतातल्या उथळ खळग्यात दबून बसतो. त्यामुळे बागेत बिळे शोधणे व बुजवणे व्यर्थ. बीळ दिसलेच तर आधी घुशीचा संशय घ्यावा.

ससा संध्याकाळनंतर व पहाटे चरतो. मेथी, कोथिंबीर, पालक, कोबीची रोपे, वाटाण्याचे व गुलाबाचे कोवळे शेंडे त्याला विशेष आवडतात. त्याची खूण देठाच्या कापात दिसते : सुरीने तिरका छेद द्यावा तसा देठ स्वच्छ तुटलेला असतो. गाईगुरांना वरचे पुढचे दात नसल्याने त्यांनी ओढलेला देठ फाटका, धागे निघालेला दिसतो. गोगलगाय पानाला भोके पाडते आणि चिकट माग ठेवते. वाफ्याजवळ वाटाण्याएवढ्या, सुक्या, गोल लेंड्या सापडल्या की शंका उरत नाही. उन्हाळ्यात टेकडीवरचे गवत वाळते, तेव्हा पाणी घातलेल्या वाफ्यांकडे त्याची ओढ वाढते.

खात्रीचा उपाय कुंपणाचा. सुमारे एक इंच छिद्राची कोंबडीजाळी जमिनीपासून तीन फूट उंच लावावी आणि खालची वीतभर जाळी बाहेरच्या बाजूला वळवून मातीत दाबावी. फाटकाखालची फट हमखास विसरली जाते; ससा तिथूनच आत शिरतो. फळझाडांच्या रोपांना जाळीचे नळकांडे पुरते. उग्र वासाच्या फवारण्यांचा परिणाम थोडे दिवस टिकतो व पावसात धुऊन जातो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानसशाला संरक्षण आहे. त्याला मारणे, फासे लावणे वा पकडून पाळणे गुन्हा ठरतो. विषारी आमिष तर कदापि ठेवू नये. ते कुत्र्यामांजरांच्या व पक्ष्यांच्याही पोटात जाते. सशाची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. मादी दिवसभर त्यांच्यापासून दूर राहते आणि अंधार पडताना दूध पाजायला येते. म्हणून गवतात एकटे दिसलेले पिल्लू अनाथ समजून घरात आणू नये. ते जखमी असल्यास वन विभागाला कळवावे.