हातोडीचा घाव कोणत्या कडीवर?

मोटरसायकलचं चाक काढून आडवं ठेवा, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, भोकात बोट घाला आणि बेअरिंगची आतली कडी अगदी सावकाश फिरवा. बेअरिंग म्हणजे एकात एक दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामधल्या खाचेत फिरणारे छर्रे. बेअरिंग धड असेल तर ग्रीसचा मऊ, सगळीकडे सारखा विरोध बोटाला लागतो. बिघडलं असेल तर बारीक वाळू भरडल्यासारखी कचकच जाणवते, किंवा कडी ठरावीक जागी अडते आणि मग निसटून पुढे जाते. डोळ्यांना न दिसणारे खड्डे बोटाला असे कळतात. माझ्या मते चाकाच्या बेअरिंगसाठी याहून भरवशाची परीक्षा नाही.

चाक गाडीवर असतानाही अंदाज येतो. ते जमिनीपासून उचला, वर आणि खाली दोन हातांनी धरा आणि आडवं हलवून पाहा. चाक डगडगलं तर बेअरिंग संपत आलं आहे. मात्र चाकाबरोबर फोर्कही हलत असेल तर दोष हँडलच्या कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगमध्ये, असू शकतो, त्यामुळे फोर्क दुसऱ्या कोणाला तरी घट्ट धरायला सांगा. चालत्या गाडीत मंद घरघर ऐकू येते. इंजिनचे फेरे बदलले तरी ती बदलत नाही, गाडीच्या वेगाबरोबर मात्र कमी-जास्त होते.

काढलेल्या बेअरिंगवर एक आकडा कोरलेला असतो, समजा ६३०२. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचं छर्ऱ्यांचं बेअरिंग, ३ म्हणजे जाड बांध्याची मालिका आणि शेवटच्या ०२ चा अर्थ आतलं भोक १५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ४२ आणि रुंदी १३ मिलिमीटर. हा आकडा जगभर सारखाच वाचला जातो, म्हणून गाडी कोणतीही असो, बेअरिंग आकड्यावरून मिळतं. पुढे ‘२आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे. ‘झेडझेड’ म्हणजे नुसती पत्र्याची झाकणं. ती धूळ बऱ्यापैकी अडवतात, पाणी नाही. चाकासाठी रबरी सीलचंच घ्यावं.

या कड्यांच्या आत छर्रे जातात तरी कसे? कड्या अखंड असतात, कुठे फट नाही. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रॉबर्ट कॉनरॅड याने काढलेली युक्ती आजही वापरली जाते: आतली कडी एका बाजूला सरकवायची, दुसरीकडे जी चंद्रकोरीसारखी जागा होते तिच्यात छर्रे ठेवायचे, कडी मध्यावर आणायची, छर्रे सारख्या अंतरावर पसरायचे आणि पिंजरा बसवून ते तिथेच अडकवायचे. त्यासाठी छर्रे हुबेहूब सारखे हवेत, नाहीतर त्यातल्या त्यात मोठा छर्रा सगळा भार खातो. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने १८६९ साली सायकलच्या छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, तेव्हा सारखे छर्रे हीच मोठी अडचण होती. १८८३ मध्ये श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिख फिशर याने छर्रे एकसारखे घासून गोल करणारं यंत्र बनवलं आणि ही अडचण सुटली.

असं बेअरिंग चालतं किती? ६३०२ ची गतिक भारक्षमता, म्हणजे फिरताना भार पेलण्याची ताकद, सुमारे ११.४ किलोन्यूटन असते. रस्त्याचे धक्के धरून एकेका बेअरिंगवर १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलोंचा भार मानू. ११.४ ला १.५ ने भागून उत्तराचा घन केला की आयुष्य येतं ते दशलक्ष फेऱ्यांमध्ये: सुमारे ४४ कोटी फेऱ्या. चाकाचा घेर १.९ मीटर धरला तर हे अंतर ८ लाख किलोमीटरांच्या वर जातं, आणि शंभरातली नव्वद बेअरिंगं तेवढी टिकावीत अशी अपेक्षा असते. एवढी गाडी कोण चालवतो? चाकाचं बेअरिंग पोलाद थकून जाण्याच्या कितीतरी आधी बदलावं लागतं. ते आपणहून मरत नाही, त्याला काहीतरी मारतं.

पहिला मारेकरी पाणी आणि त्याच्या जोडीला धूळ. छर्रा आणि खाच यांच्यामधला तेलाचा थर बहुतेक वेळा एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आतबाहेर असतो, आणि रस्त्यावरचा धुळीचा कण त्याच्या दहा-वीसपट मोठा. कण चिरडला की खाचेवर खड्डा उठतो. पाण्याने ग्रीस निकामी होतं आणि पोलादावर गंज धरतो. सील शाबूत असूनही पाणी आत जाऊ शकतं: लांब रपेटीनंतर हब गरम असतं, त्यावर थंड पाणी मारलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाशी साचलेलं पाणी आत ओढलं जातं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याला तर हबच्या मध्याजवळ फिरकूच देऊ नये.

दुसरा मारेकरी म्हणजे बेअरिंग बसवणारा माणूस, आणि घरी काम करणाऱ्याने समजून घ्यायचं ते इथेच. छर्रा खाचेला टेकतो तो अगदी लहानशा, लंबगोल ठिपक्यावर. अशा स्पर्शाचं गणित हाइनरिख हर्ट्झने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. ठिपका इवलासा असल्यामुळे तिथला दाब अफाट असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा दाब ४२०० मेगापास्कलवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या ४० हजार पटींहून वर गेला, की छर्ऱ्याच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाएवढा कायमचा खळगा पडतो. ८ मिलिमीटरच्या छर्ऱ्यासाठी हा खळगा एका मायक्रॉनपेक्षाही कमी असतो, पण चालवून घ्यायची मर्यादा तीच. ६३०२ या मर्यादेला सुमारे ५.४ किलोन्यूटनला पोचतं. आता हातोडीचा हिशेब: १ किलोची हातोडी सेकंदाला ५ मीटर वेगाने आली आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबली, तर सरासरी बल ५ किलोन्यूटन. पोलादावर पोलाद आदळलं तर ती याहूनही लवकर थांबते आणि बल त्या मानाने वाढतं. त्यात भर म्हणजे हा घाव बाजूने येतो, छर्ऱ्याला खाचेच्या काठाकडे ढकलत.

हब घट्ट धरून ठेवतं ती बाहेरची कडी. आतल्या कडीवर ठोकलं तर ते बल छर्ऱ्यांमधून बाहेरच्या कडीपर्यंत जातं आणि वाटेत एकेका छर्ऱ्याखाली खळगा पाडतं. म्हणून नवं बेअरिंग आत घालताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर. जुनं काढताना मात्र आतल्याच कडीवर ठोकावं लागतं, दुसरा इलाजच नसतो. त्यामुळे एकदा ठोकून काढलेलं बेअरिंग दिसायला कितीही चांगलं असलं तरी परत बसवू नये.

काढण्याचं काम उष्णतेने सोपं होतं. अॅल्युमिनियम दर अंशाला पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हब २५ अंशांवरून १०० अंशांवर नेलं तर ४२ मिलिमीटरचं भोक सुमारे ७० मायक्रॉनने मोठं होतं, आणि नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवलं तर तेच साधारण २० मायक्रॉनने आकसतं. हब आणि बेअरिंगची पकड काही मायक्रॉनांचीच असते, त्यामुळे हे ९० मायक्रॉन मिळाले की हातोडीला फारसं काम उरत नाही. फ्रीजरमध्ये ठेवताना बेअरिंग हवाबंद पिशवीत असू द्या, नाहीतर बाहेर काढल्यावर त्यावर दव धरेल. हब गरम हवेच्या गनने तापवा, उघड्या ज्योतीने नाही. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुरचुरला की पुरे. त्याआधी ऑइल सील आणि सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडवणारी स्प्रिंगसारखी कडी) काढायला विसरू नका. सर्क्लिप तशीच ठेवून ठोकत बसलं तर हबची खाच तुटते. चाक ब्रेक डिस्कवर टेकवू नका, खाली लाकडी ठोकळे द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. बेअरिंगचं पोलाद फार कठीण असतं आणि त्याची कपची उडते.

दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, तिला स्पेसर म्हणतात. ती एका बाजूला सरकवली की आतल्या कडीची कड दिसते. तिथे लांब पंच टेकवून, जागा बदलत बदलत ठोकायचं. पण ही साधी दिसणारी नळी काय करते? अॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या दांड्याचा, नट आवळला की तो दाब एका आतल्या कडीतून नळीत, नळीतून दुसऱ्या आतल्या कडीत जातो, आणि छर्ऱ्यांवर त्यातलं काही येत नाही. नळी आखूड झाली, वाकडी बसली किंवा राहून गेली, तर नटाचा सगळा जोर आतल्या कड्यांना एकमेकींकडे ओढतो. बेअरिंग नवं असलं तरी ते थोड्याच अंतरात तापून जातं. म्हणून एका बाजूचं बेअरिंग हबच्या पायरीला पूर्ण टेकेपर्यंत बसवायचं, नळी घालायची आणि दुसरं बेअरिंग त्याची आतली कडी नळीला जेमतेम टेकेपर्यंतच न्यायचं. कोणत्या बाजूचं आधी, हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

बसवताना बाहेरच्या कडीच्या मापाचा सॉकेट घ्या किंवा जुनं बेअरिंगच वर ठेवून त्याच्या बाहेरच्या कडीवर ठोका. मला स्वतःला लांब बोल्ट, नट आणि जाड वॉशर वापरून बेअरिंग ओढून घेणं जास्त आवडतं: घाव नाहीत, आणि ते तिरकं जात असेल तर लगेच कळतं. ठोकत असाल तर कानाकडे लक्ष द्या. बेअरिंग पायरीला टेकलं की पोकळ आवाज एकदम भरीव होतो. तिथे थांबायचं.

साखळीच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकाला तिसरं बेअरिंगही असतं, स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चक्र) ज्यावर बसतं त्या भागात. साखळीची ओढ तिथे एका बाजूने येते आणि ते बऱ्याचदा सगळ्यांत आधी जातं. दोन बदललीत तर हेही बोटाने तपासा.

ऑइल सीलच्या ओठाला आणि अॅक्सलला ग्रीसचा पातळ हात द्या, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोराला, आवळा आणि कॉटर पिन नवी घाला. आता चाक हाताने फिरवा. नट आवळण्याआधी मोकळं फिरणारं चाक आवळल्यावर जड झालं असेल तर सगळं पुन्हा उघडून आधी नळी पाहा. निघण्यापूर्वी ब्रेक घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, कारण चाक काढता-घालताना कॅलिपरचे (डिस्कला पकडणाऱ्या भागाचे) पिस्टन मागे सरकलेले असतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक रिकामाच लागतो.