चाक किती वळवायचं ते भूमिती सांगते

चालकाविना धावणाऱ्या गाडीचा व्हिडिओ पाहिला की हमखास ऐकू येतं, “गाडीला अक्कल आली!” समोर माणूस आहे की झाड हे ओळखायला शिकवलेलं यंत्र लागतं, हे खरं. पण मार्ग ठरल्यावर त्यावरून न भरकटता जायचं, म्हणजे या क्षणी चाकं किती अंश वळवायची, हे काम कितीतरी रोबोंमध्ये शाळेतल्या भूमितीवर चालतं. त्याला जादू म्हणणाऱ्या जाहिरातींचा मला राग येतो, कारण हे गणित बसवणाऱ्यांचं श्रेय त्यात बुडतं.

माझी सर्वांत आवडती पद्धत म्हणजे ‘प्युअर परस्यूट’, निव्वळ पाठलाग. सायकल शिकणाऱ्याची नजर पुढच्या चाकावर खिळलेली असते तोवर हँडल डगमगतं, नजर लांब गेली की सायकल सरळ चालते. इथेही तसंच. मार्गावर थोडा पुढचा एक बिंदू निवडायचा आणि त्याच्या मागे जायचं. गाडी सरकते तसा बिंदूही पुढे सरकतो.

पण गाडी जागच्या जागी वळत नाही, ती कंसावरून जाते. मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यातून निघणारं, गाडीच्या सध्याच्या दिशेला स्पर्श करणारं आणि त्या बिंदूतून जाणारं वर्तुळ एकच असतं. पायथागोरसचं प्रमेय लावलं की त्याची त्रिज्या मिळते. बिंदूपर्यंतच्या अंतराचा वर्ग करायचा आणि बिंदू नाकासमोरच्या रेषेपासून जितका बाजूला आहे, त्याच्या दुपटीने भागायचं. बस्स!

सगळी करामत त्या वर्गात आहे. बिंदू ६ मीटरवर आणि अर्धा मीटर बाजूला असेल, तर त्रिज्या ३६ मीटर. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेल्या गाडीला चाकं साधारण ४ अंश वळवावी लागतात. तोच अर्धा मीटर, पण बिंदू ३ मीटरवर घेतला, तर त्रिज्या ९ मीटर आणि कोन १५ अंशांच्या वर! वेगात असा हिसका बसला की गाडी मार्ग ओलांडते, मग उलटा हिसका, आणि चाल नागमोडी होते. बिंदू फार लांब ठेवला तर ती वळणाचा आतला कोपरा कापते. म्हणून वेगाबरोबर हे अंतरही वाढवत नेतात.

२००५ साली अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातली सुमारे २१२ किलोमीटरची डार्पा ग्रँड चॅलेंज ही चालकाविना गाड्यांची शर्यत जिंकणाऱ्या, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅनली’ या गाडीची रीत वेगळी होती. मार्गापासून आपण किती बाजूला आहोत, हे ती पुढच्या चाकांपाशी मोजायची. गाडीचं तोंड मार्गापासून जितकं फिरलेलं, तेवढी चाकं वळवायची. बाजूला सरकलेलं अंतर एका स्थिरांकाने गुणून वेगाने भागायचं, त्याचा व्यस्त टॅन (म्हणजे ज्याचा टॅन तेवढा येतो तो कोन) घेऊन तो कोनही त्यात मिळवायचा. वेग जास्त, तर दुरुस्ती हलकी.

दोन्ही पद्धती टायर घसरत नाहीत असं धरून चालतात. ओल्या रस्त्यावर, भरधाव वेगात ते धरता येत नाही. तिथे ‘मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल’ लागतं. ते गाडीचं वजन आणि टायरची पकड हिशोबात घेतं, पुढच्या काही क्षणांसाठी स्टिअरिंगच्या हालचालींची सर्वांत चांगली मालिका शोधतं, त्यातली फक्त पहिली अमलात आणतं आणि बाकीची सोडून देऊन सगळं गणित पुन्हा नव्याने मांडतं.